आधी वाळू द्या

आमच्या वाड्याला रंग द्यायचा आहे, ही बातमी वाईत गेली काही वर्षं ताजी आहे. मंडईत, बँकेत, घाटावर, इतकंच काय, कुणाच्या दहाव्याला गेलो तरी पिंडाला कावळा शिवेपर्यंत वेळ जावा म्हणून लोक विचारतात, "मग? लागला का रंग?" "नाही, अजून भिंत तयार होतेय," मी सांगतो. त्यावर ते अशी मान हलवतात की दहावा नक्की कुणाचा आहे, याचा मलाच संशय येतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना 'भिंत तयार होणं' हा प्रकार समजावून सांगणं अवघड आहे. त्यांच्या भिंतीला बाहेरून रंग सोसायटी देते आणि तो आवडला नाही म्हणून चिडणं, एवढंच सभासदांचं काम असतं. वाड्याचं तसं नाही. आधी खरवडायचं, मग धुवायचं, वाळू द्यायचं, भेगा बुजवायच्या, लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळू द्यायचं, मग अस्तर. रंग त्यानंतर कधीतरी, देवाच्या मनात असेल तर. आणि या प्रत्येक टप्प्यावर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते.

वाडा कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पातळ विटांचं बांधकाम, त्यावर चुन्याचा गिलावा, आणि दिंडी असलेलं सागवानी दार. त्याचं वय किती, हे कोण विचारतंय त्यावर अवलंबून. बापूकाका पाहुण्यांना सांगतात तेव्हा तो सवाई माधवरावांच्या वेळचा असतो. एखादी सून माहेरच्यांसमोर सांगते तेव्हा तो 'शंभरेक वर्षांचा, आता काय राहिलंय त्यात' असा असतो. आणि घरपट्टीचा माणूस आला की तो वाडाच नसतो. ती केवळ एक पडझड असते, जिच्यात आम्ही योगायोगाने राहतो.

प्रत्यक्ष राहतो आम्ही आणि बापूकाका-काकू. बाकीचे हिस्सेदार पुणे, ठाणे आणि न्यू जर्सी इथे विखुरलेले आहेत, पण व्हॉट्सॲपवरच्या 'आपला वाडा' या गटात सगळे एकत्र नांदतात. रंग कुठला द्यावा असा विषय निघाला की न्यू जर्सीत रात्रीचे तीन वाजलेले असले तरी तिथून उत्तर येतं. वर्गणीचा विषय निघाला की ठाण्यातसुद्धा रेंज जाते.

मिस्त्री पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो. त्यांनी भिंतीवर तळहात घासला आणि तो पांढरा झालेला आम्हाला दाखवला. मग बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. भिंत काही ठिकाणी टणक बोलली, काही ठिकाणी ढब्ब. शेवटी ते जोत्याच्या वर वाकले, जिथे गिलाव्याला लोणा लागून पांढरी भुकटी सुटली होती. तिला बोट लावलं, ते नाकाशी नेलं, आणि म्हणाले, "वली हाय. आधी वाळू द्या."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते भिंत सांगंल."

भिंत काही बोलली नाही. मिस्त्री चहा पिऊन गेले ते त्या हंगामात पुन्हा दिसले नाहीत.

परांची मात्र त्यांनी लगेच बांधून ठेवली, म्हणजे काम दुसऱ्या कुणाकडे जायला नको. बांबूचं भाडं रोजावर होतं. त्याचा पुरेपूर उपयोग करायचा म्हणून पहिल्या मजल्यावर काकूंनी कुरडया वाळत घातल्या, दुसऱ्यावर आमचे टॉवेल, आणि सगळ्यात वर आळीतली मुलं बसू लागली, कारण तिथून शेजारच्या वाड्यातला टीव्ही दिसायचा. समोरच्या वहिनींनी तक्रार केली की परांचीवरून त्यांच्या स्वयंपाकघरात दिसतं. काय दिसतं ते पाहायला मी वर चढलो, तर त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण घेऊन आमच्याकडे बघत होत्या. दुर्बीण मुलाची होती, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या धनेश पक्षी पाहत होत्या.

भिंत खरवडायची तर आधी तिच्यावरचं सामान उतरवायला हवं. एवढंसं काम. विजेच्या वायरी, केबलच्या वायरी, टेलिफोनच्या, इंटरनेटच्या, आणि कुणाच्याच नसलेल्या. या शेवटच्या वायरी फार नाजूक असतात. "ही कुणाची?" असं आठवडाभर विचारत होतो, कुणी वारस पुढे आला नाही. मिस्त्रींच्या पोराने ती कापली आणि पाच मिनिटांत गंगापुरीपासून मधल्या आळीपर्यंतच्या सासवा आमच्या दारात उभ्या राहिल्या. मालिकेत नेमका कुणीतरी कोमातून बाहेर येत होता.

पाट्या होत्या. आमच्या पणजोबांची वकिलीची पाटी, जिच्यावरच्या पदवीपैकी 'बी.ए.' उरलं होतं आणि 'एल्एल.बी.' गंजून गेलं होतं. बापूकाका म्हणाले, "पाटी काढायची नाही. अशील येतात." शेवटचा अशील कधी आला होता, ते मी विचारलं नाही. एका दंतवैद्याच्या नावाचा बाण होता, तो ज्या दिशेला रोखलेला होता तिकडे आता मोबाइलचं दुकान आहे. त्या दुकानदारानेही बाण काढू नका अशी विनंती केली. दात दुखणारी माणसं येतात आणि निदान चार्जर तरी घेऊन जातात.

आणि सज्जाच्या कोपऱ्यात पिंपळ होता. पक्ष्याने टाकलेल्या बीतून उगवलेला, हातभर उंचीचा, पण मुळं गिलाव्यात शिरून पार विटांपर्यंत गेलेली. तो उपटल्याशिवाय तिथली भेग बुजणार नव्हती. मिस्त्री म्हणाले, "आमी पिंपळाला हात लावत न्हाय." पोराला सांगितलं, तर त्याचं लग्न ठरत होतं. गुरुजींना विचारलं. त्यांनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "मुंजा असेल तर त्याची परवानगी घ्यावी लागेल." बापूकाकांनी विचारलं, "हातभर झाडात कसला मुंजा बसणार?" गुरुजी म्हणाले, "मुंजाही लहानच असतो." शेवटी दक्षिणा, नारळ आणि भिजवलेल्या डाळीचा नैवेद्य होऊन तो समूळ निघाला. त्याला कुंडीत लावून आम्ही घाटावर नेऊन ठेवलं. तिथे आता त्याला लोक प्रदक्षिणा घालतात. आमच्या भिंतीवर असताना कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

त्याने मोकळ्या केलेल्या भेगेवरून वेगळंच महाभारत झालं. ती भेग कोयनेच्या भूकंपाची, असं आमच्या घरात परंपरेने मानलं जातं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, बापूकाका अंगणात कसे धावले, आजीने देव कसे ओच्यात घेतले, हे सगळं त्या भेगेकडे बोट दाखवून सांगितलं जातं. मिस्त्रींनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "भूकंप न्हवं. वरची पन्हळ फुटल्याली हाय. पानी इथनं उतरतंय." बापूकाका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. राष्ट्रीय आपत्तीत सापडलेलं घराणं एका माणसाने एका वाक्यात गळक्या पन्हळीवर आणून ठेवलं होतं.

याच सुमारास आमचा पुतण्या आला. तो अहमदाबादेत जुन्या इमारतींचं जतन शिकला आहे, म्हणजे इमारत पडत असताना ती कुठल्या पद्धतीने पडावी हे त्याला कळतं. त्याने आल्या आल्या मिस्त्रींच्या हातातला ब्लो-लॅम्प काढून घेतला. दिंडी दरवाजाला पिढ्यान् पिढ्यांचा हिरवा ऑइलपेंट होता आणि मिस्त्री तो जाळून काढणार होते.

"यात शिसं असणार," पुतण्या म्हणाला. "घरगुती रंगात दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. हा रंग त्याच्या किती आधीचा! जाळला तर धूर पोटात जाईल, कोरडा घासला तर भुकटी. पाणी मारून, ओला ठेवूनच खरवडायचा."

"आधी वाळवा म्हनलं तर आता वला करा म्हनत्यात," मिस्त्री पुटपुटले.

"काही होत नाही रे," बापूकाका म्हणाले. "आम्ही भावंडं लहानपणी दुपारी त्या दाराशी बसून पापुद्रे काढायचो आणि खायचो. गोडसर लागायचे. आम्हाला काय झालं?"

घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घराण्यातल्या अनेक जुन्या व्यवहारांचा त्या क्षणी उलगडा झाला.

"मुंबईत हेरिटेजची नियमावली १९९५ पासून आहे, काका," पुतण्या चिकाटीने म्हणाला. "असं मनाला येईल तसं खरवडत नाहीत."

"वाईत त्याच्या आधीपासून मी आहे," बापूकाका म्हणाले.

मग पुतण्याने तो प्रयोग केला, ज्याने आमचं घर पुन्हा एकदा फुटायच्या बेतात आलं. त्याने भिंतीवर एक जागा निवडली आणि बारीक पॉलिशपेपरने गोल गोल घासत एकेक थर उघडा केला. बाहेर सगळ्यात मोठं वर्तुळ, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान. वरचा थर पिस्ता रंगाचा. त्याखाली क्रीम. त्याखाली चुन्यात नीळ घालून केलेला निळसर. मग पिवडीचा पिवळा, मग गेरूचा तांबूस, आणि मधोमध रुपयाएवढा पांढरा.

"हा बघा इतिहास!" तो म्हणाला. "आता वाड्याचा मूळ रंग आपल्याला कळेल. तोच परत द्यायचा."

मूळ रंग द्यायचा यावर गटात क्षणार्धात एकमत झालं. असं एकमत आजोबांच्या मृत्युपत्रानंतर झालेलं नव्हतं, आणि तेव्हाही ते मृत्युपत्र खोटं आहे यावर झालं होतं. प्रश्न एवढाच राहिला की मूळ रंग कुठला.

"निळसर," बापूकाका म्हणाले. "पहिल्यापासून निळसरच. माझ्या लग्नाचा मांडव या भिंतीपुढे पडला होता."

ठाण्याच्या आत्याने लिहिलं: "काहीतरीच! बापूच्या लग्नात त्याला रंग दिसला हेच आश्चर्य. वाडा पिवळा होता. दादांनी स्वतः पिवडी कालवली होती. नंतरचे सगळे थेर." न्यू जर्सीचा भाऊ म्हणाला की मूळ वाडा क्रीमच होता, कारण तो मे महिन्याच्या सुट्टीत यायचा तेव्हा क्रीम होता, आणि अजून त्याला स्वप्नात क्रीम दिसतो. पाठोपाठ त्याने तिकडच्या एका दुकानातलं क्रीमच्या छटांचं पत्रक पाठवलं. ते सगळे रंग आमच्या डोळ्यांना तंतोतंत एक दिसत होते आणि प्रत्येकाचं नाव खाण्याच्या पदार्थाचं होतं. आमची शाळेत जाणारी कन्या म्हणाली, "पिस्ता का नाही? मी जन्मल्यापासून पिस्ताच आहे." तिला सगळ्यांनी समजावलं की बाळ, मूळ म्हणजे तसं नाही. मूळ म्हणजे कसं, हे सांगायला कुणी थांबलं नाही.

"शास्त्राप्रमाणे सगळ्यात आतला तो मूळ," पुतण्या म्हणाला. "पांढरा."

"तो आपला रंगच नव्हे!" बापूकाका उसळले. "तो प्लेगाचा चुना. १८९७ ला पुण्यात घरं तपासणाऱ्या टोळ्यांमागोमाग चुना फासणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. इथेही तसंच झालं असणार. म्हणजे तो रंग रँडचा! आणि रँड कोण? पुण्याला प्लेगावर जायच्या आधी हाच साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होता. मिरवणुकीत वाद्यं वाजवली म्हणून १८९४ ला वाईतल्या भल्याभल्यांना यानेच तुरुंगात धाडलं. चापेकरांनी त्याला गोळी घातली, फासावर गेले, आणि तुम्ही त्याने दिलेला रंग वर्गणी काढून परत लावणार?"

यावर काय बोलणार? वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. १९७६ ला त्याचा पहिला खंड निघाला तेव्हापासून इथला माणूस अंदाज करत नाही, नोंद करतो. बापूकाकांनी ही नोंद गटात टाकल्यावर पांढरा बाद झाला. गेरूच्या बाजूने बोलायला कुणी हयातच नव्हतं, त्यामुळे तोही मागे पडला. निळसर, पिवळा आणि क्रीम असे तीन पक्ष उरले. मी शांतता राखण्यासाठी सुचवलं की पुढची भिंत निळसर, बाजूची पिवळी आणि मागची क्रीम करावी. त्या दिवसापासून तिन्ही पक्ष माझ्या विरोधात एकत्र आहेत.

रस्त्याकडेची भिंत खरवडायला घेतली तेव्हा तर कहरच झाला. ती भिंत आमची असली तरी तिच्यावर लिहायचा हक्क देशातल्या सगळ्यांना होता. आधी निघाली हजार रुपयांच्या बक्षिसाची जाहिरात, देवीचा रोगी कळवणाऱ्याला. तिच्याशेजारी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, टोक खाली. बापूकाका नऊ भावंडांतले सातवे. ते त्रिकोणाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "उशिरा काढला, बरं झालं." त्याखाली अर्धी बैलजोडी. पुतण्या हरखला. "काँग्रेस फुटली १९६९ मध्ये आणि मग ते चिन्ह गोठलं. म्हणजे हा थर त्याच्या आधीचा!" काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला. आमचं घराणं तेव्हा पणतीवालं, आणि आपल्या भिंतीवर बैल होते हे आजेसासऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी भिंत बदलली असती.

याच भिंतीच्या टोकाला, दोन थरांच्या मध्ये, पुतण्याला अक्षरं दिसली. मोठी, लाल, देवनागरी. त्याने मिस्त्रींना थांबवलं, सगळ्यांना मागे सारलं आणि मऊ ब्रशने एकेक अक्षर झाडायला बसला. दुपारपर्यंत 'सी' आणि 'श' एवढी दोन निघाली. बापूकाकांनी खुर्ची मागवली. "काशीश्वर असेल," ते म्हणाले. "आपल्या मूळ पुरुषाचं आराध्यदैवत." चार वाजता अक्षरं पूर्ण झाली: 'देसी शराब का ठेका'.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बापूकाकांनी घसा साफ करून सांगितलं की पेशवाईत अबकारीचा मक्ता मोठमोठ्या सरदारांकडेही असे आणि त्यात कमीपणा काही नाही. हे त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या तिघाचौघांना सांगूनही झालं. तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "अगंबाई, हे अजून आहे होय? ते शूटिंगवाले लिहून गेले नव्हते का?"

खरं होतं. वाईत राहायचं म्हणजे अधूनमधून उत्तरेत राहावं लागतं. 'गंगाजल'मधला बिहार इथलाच, 'स्वदेस'मधलं गाव म्हणजे पलीकडची मेणवली. कृष्णेचे घाट पडद्यावर इतक्या वेळा गंगेचे झाले आहेत की नदीलाही आता आपण कुठल्या खोऱ्यात आहोत ते आठवत नसावं. असंच एक युनिट आमच्या भिंतीवर ठेका उघडून गेलं होतं, आणि जाताना घाईने एक हात क्रीमचा मारून गेलं होतं. म्हणजे न्यू जर्सीच्या भावाला स्वप्नात दिसणारा क्रीम, निदान या बाजूचा, सिनेमावाल्यांचा निघाला. त्याला हे कळवलं. त्याचं अजून उत्तर नाही.

खरवडणं संपलं तरी भिंत वाळेना. कारण पुतण्याने शोधलं: खालच्या बाजूला मागच्या पिढीत कुणीतरी 'एकदाच काय ते पक्कं' म्हणून सिमेंटचा गिलावा केला होता. दगड-विटांतून वर चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते. ती मग वर सरकते, क्षार आणते आणि रंगाचे पोपडे काढते. सिमेंट फोडून पुन्हा चुनाच करायला हवा. सिमेंट कुणी केलं, हे विचारल्यावर घरातल्या सगळ्यांनी एका दिवंगत काकांचं नाव घेतलं. घरात झालेली प्रत्येक चूक त्यांच्याच नावावर आहे. ते गेले तेव्हा अवघे अकरा वर्षांचे होते, ही गोष्ट कुणी मध्ये आणत नाही.

चुनखडी नऊशे अंशांना भाजून झालेला कळीचा चुना आला. तो पाण्यात विरवताना असा खदखदला की आळीतली लोकं बघायला जमली, आणि एका आजोबांनी त्यात अंडं उकडता येईल का अशी चौकशी केली. मग पुतण्याने गिलाव्यात घालायच्या सामानाची यादी माझ्या हातात दिली, कारण जुन्या चुन्याच्या कामात गूळ लागतो, मेथी लागते, डिंक लागतो, उडीद लागतात, हिरडा लागतो, बेलफळाचा गर लागतो. मी यादी घेऊन वाण्याकडे गेलो.

"गूळ दहा किलो, मेथी दोन, डिंक दोन..." मी वाचायला लागलो. वाण्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! कोण बाळंत झालं?"

"कुणी नाही. भिंत आहे."

"भिंत?"

"तिला लावायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून मुलाला म्हणाला, "साहेबांना जरा पाणी दे." संध्याकाळपर्यंत आळीत दोन बातम्या पसरल्या. एक, आमच्याकडे कुणीतरी गुपचूप बाळंत झालंय. दोन, कोण ते आम्ही सांगत नाही. काकू सत्तरीच्या आहेत, तरी दोघीजणी त्यांच्यासाठी अळिवाचे लाडू घेऊन आल्या. लाडू आम्ही ठेवून घेतले.

बेलाचं झाड शेजारी होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "फळ देईन, पण महादेवाला." मी म्हणालो, "वाड्यात शंकराचा कोनाडा आहे." त्या म्हणाल्या, "मग कोनाड्यापुरतं एक घ्या." एका फळाच्या गरात जेवढी होईल तेवढी भिंत झाली. बाकीची गुळावर भागवली. त्याचा परिणाम असा की पहाटे दार उघडलं तर भिंतीवर जोत्यापासून सज्जापर्यंत मुंगळ्यांची रांग, आणि खाली आळीतली गाय उभी राहून आमचा नवा गिलावा निष्ठेने चाटत होती. लोण्याचं मीठ तिला आधीच माहीत होतं, आता गूळही मिळाला. मिस्त्री येईपर्यंत तिने हातभर जागा विटेपर्यंत साफ केली होती.

"हिचा हात लय चांगला हाय," मिस्त्री म्हणाले. "पोरापेक्षा साफ खरवडती. रोजावर ठिवा."

आणि मग ते मांढरदेवला गेले. पौष पौर्णिमेला काळूबाईची यात्रा, त्याला कोण नाही म्हणणार? आम्ही ठरवलं होतं की कृष्णाबाईच्या उत्सवाआधी रंग झाला पाहिजे, कारण त्या दिवसांत घाटावर सगळं गाव येतं. मिस्त्री परतले तेव्हा उत्सव सुरू होता आणि उत्सवात कुणी काम करत नाही. उत्सव संपल्यावर बायको म्हणाली, "रंगपंचमीला तरी भिंतीला रंग लागेल ना?" रंगपंचमीला बावधनचं बगाड. मिस्त्रींची सोयरीक बावधनची. मग ऊन तापलं, आणि ऊन तापल्यावर चुन्याचं काम करत नाहीत. तो धरायच्या आधी सुकतो आणि भेगाळतो.

"अहो, आधी वाळू द्या म्हणत होता ना?" मी विचारलं.

"इतकं न्हाय," मिस्त्री म्हणाले.

पुढे पाऊस लागला. बापूकाकांनी परांचीवर खुर्ची ठेवून घेतली.

पावसाळ्यानंतर एक तरुण आला. डोक्यावर टोपी, गळ्यात दोन मोबाइल. भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. अर्धी बैलजोडी, निळसर-पिवळे पट्टे, उघड्या विटा, खाली हिरवी ओल, गायीने चाटलेली जागा. "सर," तो म्हणाला, "किसी ने हाथ तो नहीं लगाया ना? प्लीज मत लगाइए. बहोत ऑथेंटिक है." सिनेमा. गावातला एक पडका वाडा हवा होता. त्याने भाड्याचा आकडा सांगितला. तो मी गटात टाकला, आणि न्यू जर्सीपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांची संमती एका मिनिटात आली. दुसऱ्या मिनिटाला हिस्से कसे करायचे यावरून दोघे गट सोडून गेले.

दोन दिवसांनी त्यांचा कलादिग्दर्शक आला. त्याने डोळ्यांपुढे बोटांची चौकट धरली, मागे गेला, पुढे आला, नाक मुरडलं. "असली है," तो म्हणाला, "लेकिन कॅमेरे में असली लगेगा नहीं."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. वीसेक माणसं उतरली आणि आमच्या परांचीवर चढली. त्यांनी सैल गिलावा खरवडला, भिंत धुतली, मोठाले पंखे आणि दिवे लावून ती रात्रीत वाळवली. भेगा बुजवल्या, लांबी भरली, घासली, त्यावर अस्तराचे दोन हात दिले. जे आम्हाला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते त्यांनी आमचा चहा व्हायच्या आत केलं. भिंत अशी गुळगुळीत झाली की पुतण्या चुन्याच्या पिंपावर बसून रडायच्या बेतात आला. आणि मग त्या कोऱ्या भिंतीवर त्यांनी बारीक ब्रशने पोपडे काढायला सुरुवात केली. सावलीसकट. खाली हिरवी ओल रंगवली. कोयनेची भेग होती त्याच जागी, पण जास्त देखणी, भेग काढली. सज्जाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा पिंपळ खोचला. बापूकाकांनी एकाला विचारून पाहिलं, "बैलजोडी पुन्हा काढाल का?" तो म्हणाला, कथा १९८० नंतरची आहे.

शूटिंग झालं, युनिट गेलं, पिंपळही घेऊन गेलं. मिस्त्री आले. भिंतीसमोर उभे राहिले, पिशवीतून पत्री काढली आणि एका पोपड्याखाली घालून जोर लावला. पोपडा हलला नाही. दुसरा पाहिला. नखाने खाजवला. बोटाच्या पेराने वाजवला, तर भिंत एका सुरात टणक बोलली. त्यांनी ओलीला हात लावला. कोरडी ठणठणीत.

"निघायचं न्हाय ह्ये," ते पत्री खिशात घालत म्हणाले. मग जरा वेळाने, बापूकाकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "सायेब, त्या मानसाचा नंबर हाय का? माझ्या घराचं काम राहिलंय."